चार शब्दांची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला पदार्थविज्ञानातलं निदान काय यायला हवं? हा प्रश्न मला पालक विचारतात, शिक्षक विचारतात आणि परीक्षा जवळ आली की वैतागून मुलंही विचारतात. माझी पस्तीस वर्षं हा विषय शिकवण्यात गेली, त्यामुळे माझ्याकडे तयार उत्तर असेल असं त्यांना वाटतं. तयार उत्तर आहेही, पण ते माझं नाही. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं शालेय विज्ञानाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर बेतलेली मानकं २०१३ मध्ये आली. बालवर्गापासून बारावीपर्यंत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात जे काही शिकवायचं, ते सगळं त्यांनी चार कल्पनांत बसवलं. द्रव्य, बल, ऊर्जा आणि तरंग. आपल्या पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिका उघडली तरी हेच चार शब्द वेगवेगळ्या वेशात भेटतात.

म्हणजे काय शिकवायचं, यावर जगात फारसं भांडण उरलेलं नाही. भांडण आहे ते कसं शिकवायचं आणि कोणाला शिकवायचं, यावर. ते भांडण दोनशे वर्षं जुनं आहे. त्यात एक लोहाराचा मुलगा आहे, एक कृत्रिम उपग्रह आहे, एक खेळण्यातला कुत्रा आहे आणि नर्मदाकाठच्या खेड्यांतल्या सोळा शाळा आहेत. आज त्या भांडणाची गोष्ट सांगायची आहे, कारण तिचा शेवट अजून व्हायचा आहे आणि तो आपल्या मुलांच्या वर्गात होणार आहे.

बांधणीसाठी आलेलं पुस्तक

मायकेल फॅरेडेचं नाव सर्वांना ठाऊक आहे. जनित्र आणि विद्युत मोटर यांच्या मुळाशी त्याचे शोध आहेत. हा लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधणीसाठी येणारी पुस्तकं तो वाचायचा. त्यांत जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तक होतं. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी बोलताहेत, शंका विचारताहेत, प्रयोग करून पाहताहेत, असं त्याचं स्वरूप. फॅरेडेनं त्यातली विधानं खिशाला परवडतील अशा छोट्या प्रयोगांनी ताडून पाहिली. ती खरी निघाली, तेव्हा त्याचा विश्वास बसला. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही त्यानं या बाईंचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं.

आपल्याकडेही मराठीतलं आधुनिक विज्ञान संवादाच्याच वाटेनं आलं. हरि केशवजी यांनी १८३० च्या दशकात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या विषयांवरची संवादरूप पुस्तकं इंग्रजीवरून मराठीत आणली. छापील मराठी गद्य तेव्हा नुकतं उभं राहत होतं. त्या काळात कोणीतरी हवा, पाणी आणि उष्णता यांच्याबद्दल मराठीत प्रश्न विचारत होतं, ही गोष्ट आपण सहसा आठवत नाही.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशननं १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं सुरू केली. फॅरेडेनं १८२७ ते १८६१ या काळात अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. एका मालेचा विषय होता द्रव्यातली निरनिराळी बलं. सर्वांत गाजलेल्या मालेचा विषय होता फक्त मेणबत्ती. जळत्या मेणबत्तीच्या ज्योतीत मधोमध एक काळपट भाग असतो. तिथे काचेची बारीक नळी धरली, तर नळीच्या दुसऱ्या टोकातून मेणाची वाफ बाहेर येते आणि तीही पेटवता येते. म्हणजे जळते ती वाफ. ज्योतीवर गार भांडं धरलं की त्याच्या बुडाला पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी! आणि मेणबत्तीतून निघणारा वायू तोच, जो आपल्या उच्छ्वासातून निघतो. एका मेणबत्तीत द्रव्याची तिन्ही रूपं, ऊर्जा आणि श्वसन, सगळं येऊन जातं.

१८६२ साली इंग्लंडच्या नामांकित शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे फॅरेडेची साक्ष झाली. त्या शाळांत लॅटिन आणि ग्रीक यांचंच राज्य होतं. सुशिक्षित म्हणवणाऱ्या माणसांना निसर्गाचे साधे नियम ठाऊक नसतात, हे फॅरेडेनं तिथे ठासून मांडलं. ज्याला शाळा मिळाली नव्हती, तो देशातल्या सर्वांत महागड्या शाळांना सांगत होता की तुमच्या शिक्षणात काय कमी आहे.

प्रयोगवहीचा जन्म

मग विज्ञान शाळेत आलं आणि त्याबरोबर परीक्षाही आली. १८८० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ठरवलं की प्रवेशासाठी नुसतं पुस्तकी पदार्थविज्ञान चालणार नाही, मुलांनी प्रयोग केलेले असले पाहिजेत. एडविन हॉल या तरुण प्राध्यापकानं सुमारे चाळीस प्रयोगांची यादी केली. हे तेच हॉल, ज्यांच्या नावाचा ‘हॉल परिणाम’ आजही अभ्यासक्रमात आहे. या यादीमुळे अमेरिकेतल्या शाळांमध्ये प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

हेतू उत्तम होता. पण यादीतला प्रयोग एकदा प्रवेशाचा निकष झाला की त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. मग प्रयोग करण्यापेक्षा तो ‘बरोबर येणं’ महत्त्वाचं ठरतं. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, ही आपल्या ओळखीची प्रयोगवही याच वळणाची आहे. मुलं आधी निष्कर्ष लिहितात आणि त्याला साजेशी निरीक्षणं मागाहून भरतात. मी असंख्य प्रयोगवह्या तपासल्या आहेत. गुरुत्वीय त्वरणाचं मूल्य सगळ्यांचं सारखंच येतं, अगदी दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थळापर्यंत. पृथ्वी इतकी शिस्तीत वागते, असं मला वाटत नाही.

उपग्रहाच्या आधी आणि नंतर

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि तिनं आपलं विज्ञान शिक्षण बदललं, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. बदलाची सुरुवात त्याआधी झाली होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले भौतिकशास्त्रज्ञ जेरोल्ड झकारायस यांनी १९५६ मध्येच एक समिती जमवली होती. शाळेतलं पदार्थविज्ञान म्हणजे यंत्रांच्या आणि सूत्रांच्या याद्या झाल्या आहेत, शास्त्रज्ञ विचार कसा करतो याचा त्यात पत्ताच नाही, हे त्यांचं दुखणं होतं. स्पुटनिकमुळे या कामाला पैसा आणि घाई, दोन्ही मिळाली. १९६० मध्ये त्यांचं पाठ्यपुस्तक आलं. सोबत पन्नासहून अधिक चित्रफिती होत्या आणि साध्या, स्वस्त साहित्याचे प्रयोग होते.

या पुस्तकानं तरंगांना मानाचं पान दिलं. प्रकाश आणि तरंग आधी, बल आणि गती त्यानंतर, असा उलटा क्रम त्यांनी लावला. यामागे विचार होता. विसाव्या शतकातल्या पदार्थविज्ञानाचं दार तरंगांतून उघडतं. प्रकाश कसा वागतो हे समजलं, तरच पुढे इलेक्ट्रॉन तरंगासारखा का वागतो, हा प्रश्न विचारता येतो.

त्यासाठी त्यांनी वर्गात आणलं एक साधं उपकरण. काचेच्या तळाचं उथळ ताट, त्यात बोटाच्या पेराएवढंही खोल नसलेलं पाणी, वर दिवा आणि खाली पांढरा कागद. पाण्यात एका जागी टोचत राहिलं की वर्तुळं पसरतात आणि त्यांच्या सावल्या कागदावर दिसतात. दोन जागी एकाच तालात टोचलं की गंमत होते. दोन उंचवटे जिथे भेटतात तिथे पाणी जास्त उसळतं. एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा जिथे भेटतात, तिथे पाणी जवळजवळ स्तब्ध राहतं. लाट अधिक लाट बरोबर शून्य! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंग यांनी प्रकाशाच्या बाबतीत हेच दाखवलं होतं, की प्रकाशात प्रकाश मिळवला तर काही ठिकाणी अंधार होतो. बाहेरचा गोंगाट कमी करणारे हेडफोनही याच तत्त्वावर चालतात. ज्यानं एकदा त्या ताटात स्तब्ध रेषा पाहिल्या, त्याला तरंगाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आपल्या घरात तर तरंगांची प्रयोगशाळा पूर्वीपासून आहे. तबल्याच्या मध्यभागी काळी शाई का असते? नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणाऱ्या कंपनांची एकमेकांशी सुरेल जुळणी होत नाही, म्हणून साध्या ढोलातून ठराविक सूर ऐकू येत नाही. शाईच्या वजनामुळे ही कंपनं जवळजवळ एक, दोन, तीन अशा पूर्णांकी पटींत येतात आणि तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं. ज्यांनी ही शाई पहिल्यांदा चढवली, त्या कारागिरांना समीकरणं माहीत नव्हती, पण त्यांचा कान पक्का होता. तरंग शिकवताना आपल्या किती शाळांत तबला वर्गात येतो?

अमेरिकेतल्या त्या प्रयोगाचं पुढे काय झालं? पुस्तक सुंदर होतं, पण कठीण होतं. शास्त्रज्ञांनी ते जणू भावी शास्त्रज्ञांसाठी लिहिलं होतं. पदार्थविज्ञान घेणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढावं ही आशा फळली नाही. मग हार्वर्डमध्ये जेराल्ड होल्टन आणि सहकाऱ्यांनी इतिहासाच्या अंगानं जाणारा दुसरा अभ्यासक्रम तयार केला. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. हे शिक्षण थोड्या हुशार मुलांसाठी, की सगळ्यांसाठी?

कुत्रा का चालतो?

रिचर्ड फाइनमन यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क इथे विज्ञान शिक्षकांपुढे भाषण केलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं होतं. त्यांनी पहिलीच्या एका पुस्तकाचं उदाहरण दिलं. पुस्तकात किल्लीच्या कुत्र्याचं चित्र होतं आणि प्रश्न होता, हा कशामुळे चालतो? पुढे खऱ्या कुत्र्याचं चित्र, मग मोटारसायकलचं. प्रश्न तोच. फाइनमन यांना वाटलं, आता स्प्रिंग, दातेरी चाकं, अन्न, इंजिन असं काहीतरी येईल. पण शिक्षकांसाठी दिलेलं उत्तर एकच होतं, ऊर्जेमुळे.

फाइनमन यांचा आक्षेप असा की यात मूल काहीच शिकत नाही. ऊर्जेच्या जागी ‘देवामुळे’ म्हटलं काय किंवा आणखी काही म्हटलं काय, ज्ञानात भर पडत नाही. त्यांनी एक कसोटी सुचवली. नवा शब्द न वापरता तीच गोष्ट सांगून दाखवा. सांगता आली तर कल्पना कळली. नाही आली, तर फक्त शब्द कळला. त्यापेक्षा खेळणं उघडून मुलाला स्प्रिंग दाखवा, किल्ली फिरवताना ती कशी आवळते ते बघू द्या.

ही कसोटी मराठीत तर फारच लागू पडते. आपल्या भाषेत या शास्त्रीय शब्दांचे घरगुती अर्थ आधीपासून ठाण मांडून बसलेले आहेत. ‘पदार्थ’ म्हटलं की मुलाला थालीपीठ आठवतं. ‘द्रव्य’ म्हणजे पैसा. ‘कार्य’ म्हणजे घरातलं लग्न किंवा मुंज. ‘शक्ती’ देवीचीही असते आणि टॉनिकचीही. ‘ऊर्जा’ तर आता सकारात्मक आणि नकारात्मक अशा रूपात दिवाणखान्यात येऊन बसली आहे. अशा मुलाला आपण सांगतो, डोक्यावर पोतं घेऊन स्थिर उभ्या असलेल्या हमालाचं कार्य शून्य. हमालाचा घाम बघितलेलं मूल मनात काय म्हणेल? ते लिहील ‘शून्य’, पण विश्वास ठेवणार नाही. इथे थांबून समजावायला हवं की पदार्थविज्ञानातलं कार्य ही मोजण्याची एक काटेकोर पद्धत आहे, कष्टांची किंमत नव्हे. हमालाचे स्नायू आतल्या आत आवळत राहतात, अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. ती पोत्याला मात्र मिळत नाही, कारण पोतं हललेलं नाही. ऊर्जा म्हणजे जमाखर्चाची वही आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम जाते, बेरीज बदलत नाही. हे ज्याला कळलं, त्याला पाण्यावर चालणाऱ्या मोटारीची किंवा इंधनाशिवाय फिरणाऱ्या यंत्राची जाहिरात फसवू शकत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केलं. पुस्तकाची अवघड भाषा हाच ग्रामीण मुलांच्या वाटेतला मोठा अडसर आहे, हे त्यांनी अभ्यासानं मांडलं. मुलं मंद नसतात, मजकूर बोजड असतो. हा निष्कर्ष प्रत्येक पाठ्यपुस्तक मंडळानं भिंतीवर लावावा असा आहे.

चेंडूवरचं बल

आता तिसरा शब्द, बल. वाचकांनी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटला आहे, वर चालला आहे. त्या क्षणी त्याच्यावर कोणतं बल आहे? हवेचा अडथळा सोडून द्या.

बहुतेक जण म्हणतात, वरच्या दिशेचं बल आहे, ते हळूहळू संपतं आणि मग गुरुत्वाकर्षण जिंकतं. हे उत्तर चूक आहे. हात सुटल्यावर चेंडूवर एकच बल आहे, खाली ओढणारं. चेंडू वर जातो तो आधीच मिळालेल्या वेगामुळे. बल गती ठेवत नाही, बल गती बदलतं. न्यूटनचा सगळा सांगावा या एका वाक्यात आहे.

पॅरिसच्या लॉरेन्स व्हिएनो यांनी १९७९ मध्ये दाखवलं की पदार्थविज्ञान शिकलेले विद्यापीठातले विद्यार्थीही अशाच चुका करतात. अ‍ॅरिझोनातले हॅलून आणि हेस्टिनिस यांनी १९८५ मध्ये गणित न करता उत्तर देता येईल अशा प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. तिचं सुधारित रूप १९९२ मध्ये आलं आणि जगभर गेलं. हार्वर्डचे एरिक मझूर यांना खात्री होती की त्यांचे विद्यार्थी या प्रश्नांना हसतील. १९९० च्या सुमारास त्यांनी चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरंच वाटतं तशी? मझूर यांनी त्यानंतर आपली शिकवण्याची पद्धतच बदलली. भाषण कमी केलं, प्रश्न टाकून विद्यार्थ्यांना एकमेकांशी वाद घालायला लावू लागले.

गंमत अशी की वर जाणाऱ्या चेंडूत हातानं दिलेला जोर साठलेला असतो, ही कल्पना चौदाव्या शतकात पॅरिसमधल्या जाँ बुरिदाँ या विद्वानानं गंभीरपणे मांडली होती. तेव्हा आपला मुलगा ‘जोर संपला म्हणून चेंडू पडला’ म्हणतो, तेव्हा तो बावळट नसतो. तो इतिहासातल्या एका मोठ्या माणसाशेजारी उभा असतो. त्याला तिथून पुढे आणायचं तर ‘चूक’ असा लाल शेरा मारून भागत नाही. त्याला विचारावं लागतं, बाबा रे, हात तर सुटला, मग आता ढकलतंय कोण?

सोळा शाळा

आणि आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. १९७० च्या आसपास मुंबई महापालिकेच्या काही शाळांत टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या मदतीनं प्रयोगांतून पदार्थविज्ञान शिकवण्याचा उपक्रम झाला. त्याच सुमारास डॉ. अनिल सद्गोपाल हे संशोधक टाटा संस्था सोडून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. या जिल्ह्याचं नाव आता नर्मदापुरम आहे. त्यांची किशोर भारती ही संस्था आणि रसुलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी मिळून १९७२ मध्ये सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, एक प्रयोग सुरू केला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम या नावानं तो ओळखला जातो.

या मुलांकडे प्रयोगशाळा नव्हती, अनेकदा बाकंही नव्हती. चार-चार मुलांची टोळी करायची, स्वस्त साहित्याची पेटी द्यायची आणि ‘बाल वैज्ञानिक’ नावाचं पुस्तक द्यायचं. पुस्तकात उत्तरं नव्हती. करून बघा, काय दिसलं ते लिहा, शेजारच्या टोळीशी ताडून पाहा, वेगळं आलं तर का आलं ते शोधा. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी होती, कारण प्रश्न पाठांतराचे नव्हतेच. सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रं लिहून वाटेल ते विचारायची आणि त्यांना उत्तरं जायची. दिल्ली विद्यापीठातले, टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ सुट्टीत येऊन खेड्यातल्या गुरुजींबरोबर बसून प्रयोग करायचे.

पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून सांगाडे बनवले. काड्यांचा चौकोन बोटानं दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. मग घराच्या छपराला कैची त्रिकोणी का असते, हे मुलाला सांगावं लागत नाही. पुढे २००३ पासून पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून केलेली खेळणी महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी हाताळली.

होशंगाबादकरांनी एक धाडसी निर्णय घेतला होता. त्यांनी अणू-रेणूंची कल्पना या वयाच्या मुलांपासून दूर ठेवली. फाइनमन यांनी तर म्हटलं होतं की सगळं ज्ञान नष्ट होऊन एकच वाक्य वाचवता येणार असेल, तर सर्व वस्तू अणूंच्या बनलेल्या आहेत, हे ते वाक्य असावं. मग बरोबर कोण? माझ्या मते दोघंही. अणू ही शेवटी पोचण्याची जागा आहे. ज्या मुलानं मीठ पाण्यात विरघळवून, पाणी आटवून मीठ परत मिळवलेलं नाही, त्याला ‘अणू’ हा शब्द म्हणजे नुसतं ऐकीव ज्ञान. पण त्यांच्या टीकाकारांचंही एक म्हणणं खरं होतं. नववीत गेल्यावर या मुलांची गाठ सगळ्यांसारख्याच पुस्तकाशी आणि परीक्षेशी पडणार होती. दोन किनारे बांधले, मधला पूल कोणी बांधायचा?

१९७८ मध्ये हा कार्यक्रम त्या जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. पुढे तो डझनाहून अधिक जिल्ह्यांत पसरला. आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं तो बंद केला. राज्यभर अभ्यासक्रम एकसारखा हवा, असा एक मुद्दा होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेलं काम थांबलं. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात करून शिकण्याचा आग्रह दिसतो, पण आराखडा कागदावर असतो आणि शाळा गावात असते.

मग काय शिकावं?

या इतिहासातून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दर वेळी वाद विज्ञानाचा वाटतो, पण असतो विश्वासाचा. शेतमजुराचं मूल स्वतः बघून निष्कर्ष काढू शकतं, असं आपण मानतो का? मानत असू, तर त्याला काड्या, नळी आणि वेळ द्यावा लागतो. मानत नसू, तर गाइड पुरतं. फॅरेडेला कोणी प्रयोगशाळा दिली नव्हती. त्याला एक पुस्तक भेटलं, जे म्हणत होतं की ताडून पाहा.

म्हणून माझी यादी छोटी आहे. द्रव्याबद्दल मुलाला हे कळावं की वस्तू रूप बदलते, नाहीशी होत नाही, आणि हे तराजूनं तपासता येतं. ऊर्जेबद्दल हे, की ती फुकट मिळत नाही, हिशेब लागतोच. बलाबद्दल हे, की ते गती बदलतं, आणि कोण कोणाला ढकलतंय हे सांगता आलं पाहिजे. तरंगांबद्दल हे, की लाट पुढे जाते तेव्हा पाणी जागच्या जागी खालीवर होतं, प्रवास ऊर्जेचा होतो, आणि आपला मोबाइल, आपला तबला आणि इंद्रधनुष्य हे सगळे तरंगांचेच नातेवाईक आहेत. या चारही गोष्टी सोळाव्या वर्षी आल्या, तर पुढे मूल इंजिनीअर होवो, शेतकरी होवो की वकील, त्याला सहसा कोणी फसवू शकणार नाही.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाची विज्ञानाची प्रश्नपत्रिका या खेपेला हातात घेऊन वाचा. किती गुण मिळाले ते नंतर बघा. आधी एवढंच शोधा की त्यात एक तरी प्रश्न असा आहे का, ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं नाही, पण मुलानं स्वतः काही करून पाहिलं असेल तर त्याला देता येईल. नसेल, तर पुढच्या पालकसभेत उठून तेवढं विचारा.